न डुगडुगणारे ईझल

चंदीगडच्या सेक्टर 10 मधल्या शासकीय कला महाविद्यालयाची वंशावळ शोधत मागे गेले, तर ती लाहोरमार्गे थेट मुंबईला येऊन पोहोचते. मुंबईत 1857 साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथे 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हा इंग्रज शिल्पकार शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या भिंतीवर आजही दिसणारी उठावशिल्पे त्याचीच. दहा वर्षांनी तो लाहोरला गेला आणि तिथल्या नव्या मेयो स्कूल ऑफ आर्ट्सचा पहिला प्राचार्य झाला. फाळणीनंतर या शाळेचा भारताच्या वाट्याला आलेला वारसा 1951 मध्ये शिमल्याच्या कलाशाळेत रुजला आणि 1962 मध्ये ती शाळा चंदीगडला आली. चित्रकार सतीश गुजराल हाच रस्ता उलटे चालले होते: आधी लाहोरचे मेयो स्कूल, मग 1944 मध्ये मुंबईचे जे. जे.

मेयो स्कूलच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत बटाल्याजवळच्या एका खेड्यातला, सुतार घराण्यातला एक मुलगा होता. त्याचे नाव रामसिंग. किपलिंगने त्याचा हात ओळखला. पुढे भाई रामसिंग यांनी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधला दरबार कक्ष सजवला, अमृतसरच्या खालसा कॉलेजची इमारत रेखाटली आणि 1910 मध्ये ते त्याच मेयो स्कूलचे प्राचार्य झाले. रंधा धरणारा हात आणि चित्र काढणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, हे या शाळेने आपल्या पहिल्याच पिढीत दाखवून दिले होते.

ईझलबद्दल लिहायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण ईझल सुतार करतो आणि वापरतो चित्रकार. या दोघांची भेटच झालेली नसली, की वर्गात डुगडुगणारी ईझल उभी राहतात. सुताराला ते फोटोफ्रेमचा मोठा स्टँड वाटते. कॅनव्हासला माणूस पुढून सतत ढकलत असतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. चित्रकाराला ते डुगडुगताना दिसते, पण नेमके कुठे चुकले आहे ते सांगता येत नाही, म्हणून तो पायाखाली कागदाची घडी सरकवतो आणि पुढे काम करत राहतो.

नेमके काय घडते ते आकड्यांत पाहू. ईझल आणि त्यावरचा कॅनव्हास मिळून 10 किलो वजन आहे असे धरा. जोराने हात चालवणारा विद्यार्थी जमिनीपासून 5 फूट उंचीवर पॅलेट नाइफने 3 किलो वजनाइतका दाब देतो. ईझलला मागे उलथवणारा जोर झाला 3 गुणिले 5, म्हणजे 15. त्याला विरोध करते ते ईझलचे स्वतःचे वजन, आणि तेही मागच्या पायाच्या टोकापासून गुरुत्वमध्य जितका पुढे असेल तितक्याच प्रमाणात. हे अंतर दीड फूट असेल तर 10 गुणिले दीड, म्हणजे पुन्हा 15. बरोबरी झाली. यापेक्षा अंतर इंचभर जरी कमी असले, तरी त्या दाबाला ईझलचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले जातात. तेच अंतर दोन फूट ठेवले तर विरोध 20 होतो आणि विद्यार्थी निर्धास्त काम करू शकतो. लाकूड जाड केल्याने ईझल पक्के होते अशी एक समजूत आहे. जाडीने थोडा फरक पडतो हे खरे, पण खरा फरक मागचा पाय किती मागे टेकला आहे त्याने पडतो. जाड लाकडाचे ईझल अरुंद उभे केले, तर पडताना ते जास्त लागते, एवढेच.

बाजूच्या धक्क्याचेही असेच. वर्गात ईझलला सर्वांत जास्त धक्के बसतात ते पाणी आणायला निघालेल्या मुलांच्या खांद्यावरच्या पिशव्यांचे. पुढच्या दोन पायांत खाली निदान सव्वादोन फूट अंतर नसेल, तर असे धक्के झेलले जात नाहीत.

आता पाय तीन की चार? वर्गासाठी माझे मत निःसंशय तीनच्या बाजूने आहे. तीन टोके कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. फरशी उंचसखल असो, अंगणातली माती असो, तीन पायांचे ईझल थोडे कलेल, पण डुगडुगणार नाही. चौथा पाय आला की जमीन सपाट असावी लागते, आणि आपल्याकडच्या शाळांच्या फरश्या तितक्या सपाट नसतात. चार पायांच्या आडव्या बैठकीवर दोन उभे दांडे असलेले मोठे ईझल स्टुडिओत शोभते. पाच-सहा फुटी कॅनव्हासला तेच लागते. मात्र ते एकदा जागेवर बसवून तिथेच ठेवायचे असते. वर्गातली ईझल रोज सरकतात, भिंतीला टेकून रचली जातात, पुन्हा मांडली जातात.

तीन पायांच्या ईझलमध्ये एक चूक इतकी सर्रास असते की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. बाजूने पाहिले तर पुढचा पाय, मागचा पाय आणि जमीन मिळून त्रिकोण होतो. त्रिकोण हा एकच आकार असा आहे, जो सांध्यांत बिजागरी असली तरी आपला आकार सोडत नाही; चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच कलंडतो. पण या त्रिकोणाची तिसरी बाजू जमिनीची आहे, लाकडाची नाही. गुळगुळीत मोझाइकवर किंवा घासलेल्या कोटा फरशीवर ही बाजू घसरते आणि त्रिकोण उघडतो. म्हणून पुढचा आणि मागचा पाय एकमेकांना खाली बांधावे लागतात. साखळी बांधली तर पाय फाकत नाहीत, पण ईझल उचलून सरकवताना मागचा पाय आत येतो आणि सगळे कोसळते. त्यापेक्षा एका टोकाला बोल्ट आणि दुसऱ्या टोकाला खाच असलेली आडपट्टी बरी. ती पायांना फाकूही देत नाही, मिटूही देत नाही. पायांच्या टोकांना जुन्या टायरच्या रबराचे तुकडे ठोकले, की घसरण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो.

त्रिकोणाची ही ताकद चंदीगडच्या लाकूडकामात जितकी उघडपणे वापरली गेली, तितकी भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात क्वचितच वापरली गेली असेल. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने शहराचा आराखडा केला. प्रत्यक्ष शहरात राहून ते उभे करण्याचे काम त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने केले. तो 1951 मध्ये आला आणि 1965 पर्यंत राहिला. नव्या राजधानीत सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये, वसतिगृहे उभी राहत होती आणि प्रत्येक खोलीला टेबल-खुर्च्या हव्या होत्या. जानरेने युली चौधरी, जीतलाल मल्होत्रा अशा भारतीय वास्तुविशारदांना सोबत घेऊन या सामानाची रेखाटने केली. लाकूड मुख्यतः साग, कधी शिसू. बैठक वेताची, म्हणजे उन्हाळ्यात पाठीला हवा लागावी. पाय मात्र साध्या चार खांबांसारखे सरळ नाहीत. उलट्या व्ही अक्षरासारखे दोन तिरके तुकडे एकत्र येतात आणि खुर्चीचा हात व बैठक दोन्ही तोलून धरतात. त्या खुर्चीकडे बाजूने पाहा, ईझल घडवणाऱ्याला तिच्यातून पुष्कळ काही शिकता येते. भार जिथे येतो तिथे लाकूड रुंद, जिथे येत नाही तिथे निमुळते. सांधे उघडे, लपवलेले नाहीत.

माझ्या मते त्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. हे सामान एका मोठ्या कारखान्यात झाले नाही. रेखाटने वेगवेगळ्या सुतारखान्यांकडे गेली आणि प्रत्येकाने आपापल्या हातांनी त्यांवरून सामान घडवले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांत थोडाथोडा फरक दिसतो. मुद्दा असा, की नेहमीची अवजारे आणि नेहमीचे सांधे वापरून कोणत्याही चांगल्या सुताराला करता येईल, असेच रेखाटन होते. मोडले तर त्याच गल्लीत दुरुस्त होईल, असेही.

पुढे काय झाले ते दुःखदायक आहे. जुने सामान निकामी ठरले, गच्च्यांवर आणि आवारात ढिगाने पडले, लिलावात मातीमोलाने गेले. मग परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, स्वच्छ केले आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत ते प्रचंड किमतीला विकले गेले. खुर्च्यांच्या मागे पांढऱ्या रंगात लिहिलेली खात्यांची नावे आणि क्रमांक ही तिकडे अस्सलपणाची खूण ठरली. अखेर 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तू विकायला आणि परदेशी पाठवायला मनाई केली. सेक्टर 5 मधले जानरेचे राहते घर आता संग्रहालय आहे, आणि प्रशासनाच्या यादीत बारा हजारांहून अधिक वस्तू वारसा म्हणून नोंदल्या आहेत. मोडकी खुर्ची दुरुस्त करून वापरात ठेवली असती, तर तिच्यासाठी मनाईहुकूम काढायची वेळ आली नसती.

पुन्हा ईझलकडे येतो, आणि त्याच्या सर्वांत नाजूक जागेकडे, म्हणजे पाय जिथे वर एकत्र येतात त्या सांध्याकडे. बोल्टाच्या भोकात एक मिलिमीटर जागा मोकळी राहिली आणि बोल्टाची पकड तीन इंचांची असेल, तर सहा फूट खाली, पायाच्या टोकाशी, ती मोकळीक चोवीसपट होते. म्हणजे जवळजवळ एक इंच. वरच्या सांध्यातला केसाएवढा सैलपणा खाली बोटभर डुगडुगतो, तो असा. स्वस्त ईझलमध्ये इथे छोटी बिजागरी आणि तिचे अर्ध्या इंचाचे स्क्रू असतात, तेही लाकडाच्या कापलेल्या टोकात बसवलेले. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. टोकात घुसलेला स्क्रू त्या तंतूंना आडवा धरत नाही, त्यांच्यामध्ये नुसता शिरतो. दोन सत्रांत तो निघून हातात येतो. इथे आरपार बोल्ट हवा, दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याहून मोठा वॉशर हवा आणि हाताने आवळता येणारा विंग नट हवा. पान्यासाठी शिपायाला शोधावे लागले, तर नट कधीच आवळला जात नाही.

आडपट्ट्यांसाठी खाच आणि कूस यांना अजून तोड नाही. कूस लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवायची, हा सुतारांचा जुना नियम आहे. कूस जाड केली तर खाचेच्या भिंती पातळ होऊन फाटतात, बारीक केली तर कूसच तुटते. सरस किंवा फेविकॉल लावून वरून लाकडी खुंटी मारली, की तो सांधा विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पाहतो. नुसते खिळे मारून जोडलेली आडपट्टी पहिल्याच वर्षी खुळखुळू लागते.

चंदीगडचे हवामान या सांध्यांची कठोर परीक्षा घेते. मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या पुढे आणि हवा कोरडी, जुलै-ऑगस्टमध्ये दमट, डिसेंबर-जानेवारीत धुके. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. पावसाळ्यात आवळून घेतलेला बोल्ट उन्हाळ्यात सैल पडतो, तो यामुळे. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरच्या शाळांना हाच अनुभव येईल. मुंबई-रत्नागिरीकडे लाकडापेक्षा लोखंडाचीच काळजी जास्त. तिथे बोल्ट गंजून भोकातच अडकतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. सागाचे आकसणे इतर बऱ्याच कठीण लाकडांपेक्षा कमी आणि त्याच्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, म्हणून बल्लारशा-आलापल्लीच्या सागाला एवढा मान आहे. साग परवडत नसेल तर चांगले मुरलेले शिसू, उत्तरेत देवदारही चालतो. पायाच्या पट्टीसाठी दोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड लाकूड पुरते, अट एवढीच की तंतू सरळ हवेत आणि मधोमध गाठ नको. बाजारातले ओले लाकूड मात्र कुठल्याही किमतीला नको. त्याला वर्षभरात पीळ पडतो, आणि पिळवटलेल्या पायाला कोणताही सांधा सरळ करू शकत नाही.

कॅनव्हास ज्या फळीवर टेकतो, ती फळी वरखाली करण्याची सोय हा पुढचा प्रश्न. बरेच जण मधल्या दांड्याला लांबच लांब चीर पाडतात आणि तिच्यात बोल्ट सरकवतात. दिसायला ते छान असते, पण चीर तंतूंच्या दिशेनेच असल्यामुळे दांडा तिथेच दुभंगतो. शाळेसाठी दर दोन इंचांवर भोक आणि त्यात लाकडी खुंटी ही जुनी रीत जास्त टिकाऊ. भोके एका सरळ रेषेत न पाडता आलटून पालटून जरा डावी-उजवीकडे पाडावीत, म्हणजे ती एकाच तंतूवर येत नाहीत आणि दांडा चिरत नाही. खुंटी दोरीने ईझललाच बांधून ठेवावी. फळी दोन इंच खोल असली की कॅनव्हासची चौकट तिच्यात नीट बसते. पुढची कड मात्र अर्ध्या इंचापेक्षा उंच नको, नाहीतर चित्राचा खालचा भाग तिच्यामागे झाकला जातो आणि मुले तेवढा भाग रंगवायचे सोडूनच देतात. कॅनव्हासला वरून धरणारी पकडही हवी. तैलरंगासाठी कॅनव्हास थोडा पुढे झुकवला, की ओल्या रंगावरची चमक डोळ्यांत येत नाही. पेस्टल वापरताना तो उभा ठेवला, तर भुकटी चित्रावर न साचता खाली पडते. जलरंगाला जवळजवळ आडवा बोर्ड लागतो, नाहीतर रंग ओघळतो. एकाच ईझलने हे सगळे करावे असा हट्ट धरला की ते कोणतेच काम धड करत नाही. जलरंगासाठी टेबलावर ठेवायचा उतरता ठोकळा वेगळा करावा. चाकाच्या खुर्चीवर बसून चित्र काढणाऱ्यालाही तोच सोयीचा पडतो, कारण ईझलच्या फाकलेल्या पायांत खुर्ची शिरत नाही.

कला महाविद्यालयांत ‘डाँकी’ म्हणतात त्या बाकाला मी शाळांसाठी ईझलच्याही वर ठेवीन. सुमारे दीड फूट उंचीचा, अरुंद लांबट बाक, त्याच्या पुढच्या टोकाला उभी चौकट. विद्यार्थी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि बोर्ड चौकटीला टेकवतो. इथे उलथण्याचे सगळे गणितच बदलते. विद्यार्थ्याचे चाळीस-पन्नास किलो वजन त्याच बाकावर असते, त्यामुळे हाताने दिलेला दाब बाकाला हलवूही शकत नाही. लाकूड कमी लागते, बिजागरी एकही नाही, सैल पडायला नट नाही. 22 गुणिले 30 इंचांच्या इंपीरियल कागदाचा बोर्ड त्यावर आरामात राहतो आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राला लागणारा कागद तर सहजच. महाराष्ट्रात लाखो मुलांनी या परीक्षा मांडीवर बोर्ड घेऊन दिल्या आहेत. मांडीवरचा बोर्ड डोळ्यांशी तिरका राहतो, त्यामुळे लांबचे टोक आकसलेले दिसते आणि मुले तेवढा भाग नकळत लांबट काढतात. रेखाटन चुकले म्हणून मुलाचे गुण जातात. दोष बसण्याचा असतो.

ईझल उभे कुठे करायचे, याचे उत्तर वर्गाच्या खिडक्या देतात. चंदीगडच्या कला महाविद्यालयाची इमारत ल कॉर्ब्युझिएची. उघड्या विटांच्या त्या इमारतीत चित्रशाळांना उत्तरेचा उजेड मिळावा अशी योजना आहे, कारण उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही आणि सावल्या दिवसभर सारख्याच राहतात. साध्या शाळेत अशी सोय नसते. तिथे उजव्या हाताने काढणाऱ्यांच्या डाव्या बाजूने खिडकीचा उजेड येईल असे ईझल लावावे, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली कागदावर पडत नाही. विद्यार्थ्याला चार पावले मागे सरून आपले चित्र पाहता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाला साधारण पाच बाय सहा फूट जागा लागते. एवढी जागा नसेल तर वीस ईझल कोंबण्यापेक्षा बारा ठेवावीत आणि बाकीच्यांना डाँकीवर बसवावे.

संख्येने ईझल करवून घ्यायची असतील, तर सुताराने आधी एक साचा करावा. सगळे पाय त्या एकाच साच्यात घालून त्याच जागी भोके पाडली, की कुठल्याही ईझलचा पाय कुठल्याही ईझलला बसतो. गिरमिटाने अंदाजाने पाडलेल्या भोकांचे तसे होत नाही. एक पाय तुटला की अख्खे ईझल कोपऱ्यात जाते.

म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि कलाशिक्षकांना एक विनंती. नवी ईझल घ्यायची वेळ येईल, तेव्हा कोटेशन मागवण्याआधी सुताराला चित्रकलेच्या एका तासाला बोलवा. मुले कॅनव्हासला कशी ढकलतात, बोर्ड कसा सरकतो, ईझल कशी ओढत नेतात, हे त्याला तासभर पाहू द्या. मग पहिले एकच ईझल करवून घ्या, ते महिनाभर वर्गात वापरा, आणि ते पसंत पडले तरच बाकीची सांगा. वीस ईझलांच्या ऑर्डरबरोबर पाच जादा पाय आणि तेवढेच जादा बोल्ट, वॉशर व खुंट्या त्याच साच्यातून करून घ्या, आणि मापांचे रेखाटन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. दहा वर्षांनी येणाऱ्या सुताराला तेच लागणार आहे.